खाटेपाशी शिकवण्याची तयारी : परिचर्या शिक्षकांची पत्रे

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी या वेळी केवळ परिचर्या (नर्सिंग) शिक्षणाविषयीची पत्रे निवडली आहेत. कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या या पत्रांचे विषय वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे : वॉर्डात, रुग्णाच्या खाटेपाशी विद्यार्थ्यांना कसे शिकवावे, हे शिक्षकांना कोणी पद्धतशीरपणे शिकवलेले नसते. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची व त्यांच्या संस्थांची नावे दिलेली नाहीत, आणि लांब पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी चार वर्षे अतिदक्षता विभागात काम केले, त्यानंतर एम.एस्सी. नर्सिंग पूर्ण केले आणि यंदा एका महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिका (विद्यार्थिनींना वर्गात व वॉर्डात शिकवणारी शिक्षिका) म्हणून रुजू झाले. वर्गात बोलताना मला अडचण येत नाही. वॉर्डात मात्र आठ-दहा विद्यार्थिनी खाटेभोवती उभ्या राहिल्या की माझा आवाज बसतो. कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावणे हे माझे रोजचे काम होते, तरीही विद्यार्थिनींना ते करून दाखवताना हात थरथरतो. एखादीने मला न येणारा प्रश्न विचारला, तर रुग्णासमोर आणि इनचार्ज सिस्टरसमोर माझी शोभा होईल, अशी भीती सतत वाटते. मी शिक्षकी पेशाला योग्य नाही का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : तुम्ही या पेशाला योग्य आहात, हे आधी स्पष्टपणे सांगते. तुमच्या अडचणीचे कारण तुमच्या स्वभावात नाही. तुम्हाला ज्या क्रमाने घडवले गेले, त्या क्रमात आहे.

परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाटचालीचे पाच टप्पे मांडले : नवखी, प्रगत नवखी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. नवखी परिचारिका नियमांचा आधार घेत एकेक पायरी मोजून काम करते, तर तज्ज्ञ परिचारिकेला परिस्थिती एकदम समग्र दिसते आणि मधल्या पायऱ्यांचा तिला वेगळा विचार करावा लागत नाही. अतिदक्षता विभागात तुम्ही या वाटेवर बऱ्याच पुढे गेला होता. शिकवताना मात्र नेमक्या त्या न दिसणाऱ्या पायऱ्या पुन्हा वेगळ्या करून, त्यांना शब्द देऊन, दुसऱ्यासमोर मांडाव्या लागतात. हे कौशल्य स्वतंत्र आहे आणि त्यात तुम्ही आज नवख्या आहात. एका कामात तज्ज्ञ असलेल्या माणसाला दुसऱ्या कामात नवखे होणे फार जड जाते, आणि तुमचा थरथरणारा हात मला त्याच अवघडलेपणाची खूण वाटते. एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात अध्यापनशास्त्र असते आणि सराव पाठही घ्यावे लागतात; पण माझ्या पाहण्यात त्यांतील बहुतेक पाठ वर्गातले असतात, आणि खाटेपाशी शिकवताना कोणी अनुभवी शिक्षिका शेजारी उभी राहून पाहते आहे, असे क्वचितच घडते.

करून दाखवताना हात थरथरतो, कारण त्या क्षणी तुम्ही एकाच वेळी काम करता, बोलता आणि स्वतःकडेही पाहता. हा भार विभागण्यासाठी पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत उपयोगी पडते. पहिल्या पायरीत शिक्षिकेने संपूर्ण क्रिया नेहमीच्या वेगाने, काहीही न बोलता करायची. दुसऱ्या पायरीत तीच क्रिया सावकाश, प्रत्येक कृतीचे कारण सांगत करायची. तिसऱ्या पायरीत विद्यार्थिनीने पुढची कृती सांगायची आणि शिक्षिकेने तिच्या सांगण्याप्रमाणे हात चालवायचा. चौथ्या पायरीत विद्यार्थिनीने सांगायचे आणि करायचेही तिनेच. आपल्याकडे तिसरी पायरी सर्रास वगळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. टूर्निकेट (शीर फुगवण्यासाठी दंडाला बांधायचा पट्टा) बांधण्याआधी हात स्वच्छ करायला सांगायचे ती विसरली, किंवा कॅन्युलात रक्त दिसल्यावर सुई तशीच पुढे ढकलायला सांगितली, तर तिच्या मनातील चित्रात कुठे खोट आहे ते रुग्णाला सुई लागण्याआधीच कळते. शिवाय या पायरीत बोलण्याची जबाबदारी तिच्यावर असल्यामुळे तुमचा श्वासही स्थिर होतो. या चारही पायऱ्या आधी कौशल्य प्रयोगशाळेत, कृत्रिम हातावर झालेल्या असल्या पाहिजेत. रुग्णाच्या खाटेपाशी पहिल्यांदा दाखवू नये.

आत्मविश्वासाबद्दल मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये जे मांडले, ते शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावे. एखादे काम आपल्याला जमेल ही खात्री चार मार्गांनी तयार होते, असे ते म्हणतात : ते काम स्वतः यशस्वीपणे केल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणे, विश्वासातील व्यक्तीचे प्रोत्साहन, आणि धडधड किंवा थरथर यांचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिल्या मार्गाचे बळ सर्वांत जास्त आहे. तेव्हा आधी आत्मविश्वास येईल आणि मग मी शिकवीन, अशी वाट पाहू नका. यशाचा अनुभव येईल इतके लहान काम निवडा. पहिले दोन आठवडे दहा विद्यार्थिनींना एका खाटेभोवती उभे करू नका. दोन किंवा तीन विद्यार्थिनी, एक रुग्ण, एकच उद्दिष्ट आणि दहा मिनिटे, इतकेच ठेवा. विद्यार्थिनी येण्याआधी अर्धा तास वॉर्डात जा, रुग्णाशी बोला, फाइल व औषधांचा तक्ता वाचा आणि रात्रपाळीच्या सिस्टरकडून ओव्हर (पाळी बदलताना दिली जाणारी रुग्णांची माहिती) ऐका. रुग्णाची माहिती पक्की असली की निम्मी भीती तिथेच ओसरते. दुसरा मार्गही सोपा आहे : तुमच्या महाविद्यालयात खाटेपाशी उत्तम शिकवणारी एखादी सहकारी असेल, तर तिची परवानगी घेऊन तिच्या मागे उभ्या राहा आणि ती काय सांगते यापेक्षा काय विचारते ते टिपून घ्या.

आता न येणाऱ्या प्रश्नाविषयी. पावसाळ्यात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागांतून सर्पदंशाचे रुग्ण कोल्हापुरात येतात. घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे का, हे पाहण्यासाठी खाटेपाशीच वीस मिनिटांची चाचणी करतात : सुमारे २ मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरकी करून गुठळी झाली आहे का ते पाहायचे. समजा, विद्यार्थिनीने विचारले की नळी काचेचीच का, प्लास्टिकची का चालत नाही? रक्त गोठण्याची साखळी सुरू व्हायला काचेचा पृष्ठभाग चालना देतो, प्लास्टिकचा तशी देत नाही, आणि साबणाने धुतलेली काचही ती चालना देण्यात कमी पडू शकते. त्यामुळे चुकीच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही न गोठलेले दिसू शकते आणि गरज नसताना प्रतिविष दिले जाऊ शकते. हे उत्तर तुम्हाला त्या क्षणी आठवले नाही, तर तसे सरळ सांगा. “याचे नेमके कारण मला आत्ता सांगता येत नाही. दुपारच्या चर्चेआधी आपण दोघी ते शोधू आणि तू ते सर्वांना सांग,” असे शांतपणे म्हणणाऱ्या शिक्षिकेबद्दलचा आदर कमी होत नाही. मात्र सांगितल्याप्रमाणे ते त्याच दिवशी झाले पाहिजे. एक अपवाद कायम लक्षात असू द्या : प्रश्न आत्ता दिल्या जाणाऱ्या औषधाच्या मात्रेचा, विरलनाचा किंवा मार्गाचा असेल, तर उत्तर मिळेपर्यंत हातातले काम थांबवायचे. त्या बाबतीत दुपारपर्यंत थांबण्याची मुभा नाही.

प्रश्न : माझ्याकडे एका वेळी दहा विद्यार्थी असतात आणि ते तीन वॉर्डांत विखुरलेले असतात. सकाळ हजेरी, गणवेश आणि लॉगबुकवरच्या (विद्यार्थ्याने केलेल्या क्रियांच्या नोंदवहीवरच्या) सह्या यांतच संपते. शिकवायची तळमळ आहे, पण वेळ कुठून आणायचा? (एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, गडहिंग्लज)

उत्तर : दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण नर्सिंग परिषदेच्या निकषांतलेच आहे, त्यामुळे ती संख्या लगेच कमी होईल अशी आशा मी दाखवणार नाही. पण दहाही जणांकडे रोज सारखेच लक्ष द्यायचे, हा आग्रह तुम्ही सोडू शकता. दररोज तीन विद्यार्थी ‘आजचे’ म्हणून ठरवा आणि त्यांच्याजवळ प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटे सलग थांबा. उरलेल्या सात जणांना सकाळच्या पूर्वचर्चेत एकेक नेमका प्रश्न द्या, ज्याचे उत्तर त्यांना स्वतःच्या रुग्णाकडूनच शोधावे लागेल : या आजोबांना फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) सकाळीच का देतात, या बाईंच्या पायांवरची सूज कालपेक्षा कमी आहे हे तुम्ही कशावरून सांगाल, आणि असेच इतर. आठवड्याअखेर प्रत्येकाची पाळी येऊन गेलेली असते.

कमी वेळात शिकवण्यासाठी १९९२ मध्ये अमेरिकेतील कौटुंबिक वैद्यकशास्त्राच्या शिक्षकांनी पाच पावलांची एक पद्धत मांडली. ती ‘एक मिनिटाचा मार्गदर्शक’ या नावाने ओळखली जाते आणि आज ती परिचर्या शिक्षणातही वापरली जाते. ती प्रत्यक्षात कशी चालते, ते एका प्रसंगातून सांगते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवशीचा रुग्ण आहे. विद्यार्थिनी सांगते, “मॅडम, पल्स सकाळी ९२ होती, आता ११६ आहे.” इथे बहुतेक शिक्षिका ताबडतोब कारणे सांगू लागतात. तसे न करता तिला विचारा, “तुला काय वाटते, काय होत असेल?” हे पहिले पाऊल, तिने एक मत मांडून त्याची जबाबदारी घ्यायची. ती म्हणते, “टाके दुखत असतील.” आता दुसरे पाऊल : “कशावरून म्हणतेस? आणखी काय पाहिलेस?” ती बीपी सांगते, ते फारसे बदललेले नाही, लघवीच्या पिशवीकडे मात्र तिने पाहिलेले नाही. दोघी मिळून पाहता, तर गेल्या दोन तासांत लघवी फारच कमी झालेली आहे आणि ड्रेनमध्ये (जखमेतील स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) ताजे रक्त वाढले आहे. इथे आधी डॉक्टरांना कळवायचे, ड्रेनवर पातळीची खूण व वेळ घालायची, आणि रुग्णाची व्यवस्था लागल्यावरच शिकवण्याकडे परतायचे. मग तिसरे पाऊल, म्हणजे पुढेही उपयोगी पडेल असा एकच नियम : “शस्त्रक्रियेनंतर नाडी वाढत असेल आणि लघवी घटत असेल, तर रक्तस्राव नाही याची खात्री केल्याशिवाय ‘दुखत असेल’ असे मानायचे नाही, तरुण रुग्णात बीपी उशिरा घसरते.” चौथे पाऊल, बरोबर केले त्याचा नेमका उल्लेख : “सकाळच्या आणि आताच्या नोंदीची तुलना करून तू लगेच सांगायला आलीस, हे बरोबर केलेस.” पाचवे पाऊल, दुरुस्ती : “यापुढे नाडी बदललेली दिसली की लघवी, ड्रेन आणि ड्रेसिंग पाहूनच माझ्याकडे यायचे.” बोलण्याचा हा सारा भाग पाच मिनिटांच्या आत होतो आणि ती मुलगी तो नियम विसरत नाही.

या पद्धतीत शिक्षकाला सर्वांत अवघड जाते ती गोष्ट म्हणजे प्रश्न विचारून गप्प राहणे. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण करून दाखवून दिले की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक येऊ लागतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण वॉर्डात ते फार मोठे वाटतात, आणि म्हणूनच त्यांचा मुद्दाम सराव करावा लागतो.

लॉगबुकविषयी माझे मत ठाम आहे. जे तुम्ही प्रत्यक्ष पाहिले त्यावरच सही करा, आणि जे स्टाफ सिस्टरने पाहिले त्यावर तिची सही घ्या. न पाहिलेल्या क्रियेवरची सही विद्यार्थ्याला, आणि उद्या त्याच्या हाती येणाऱ्या रुग्णालाही फसवते.

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयात परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) आहे. विद्यार्थिनी आमच्याकडे पाठवल्या जातात आणि त्यांच्या मॅडम फारशा दिसत नाहीत. आम्ही काही सांगितले, तर “आम्हाला कॉलेजात वेगळे शिकवले आहे,” असे उत्तर मिळते. शिकवणे हे आमचे काम आहे की त्यांचे? (एक वाचक, कोल्हापूर शहर)

उत्तर : ते दोघींचे काम आहे, पण कामाची वाटणी आधी ठरलेली नसल्यामुळे ते कोणाचेच राहत नाही. पोस्टिंग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात शिक्षिकेने तुमच्याकडे येऊन या गटाला काय येते, काय शिकायचे आहे आणि कोणत्या क्रिया त्यांना एकट्याने करू द्यायच्या नाहीत, एवढे लेखी द्यावे, अशी मागणी तुम्ही अधिसेविकांमार्फत (मेट्रनमार्फत) करा. ती पूर्णपणे रास्त आहे.

पुस्तक आणि वॉर्ड यांतील फरकाबद्दल विद्यार्थिनींच्या तोंडी येणारे ते वाक्य उद्धटपणातून येते, असे मला वाटत नाही. त्या खरोखर गोंधळलेल्या असतात. ड्रेसिंगचा एखादा ट्रे कमी असल्यामुळे क्रम बदलला असेल, तर तो बदल कोणत्या तत्त्वाला धक्का न लावता केला आहे, हे त्यांना सांगा. निर्जंतुकता टिकली असेल, तर मांडणीतला फरक गौण आहे. ती टिकली नसेल, तर त्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे आणि तसे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तुमच्या वॉर्डातील दोन-तीन अनुभवी सिस्टरना महाविद्यालयाने आपल्या शिक्षकांबरोबरच अध्यापनाचे प्रशिक्षण द्यावे, असेही मी सुचवीन. विद्यार्थिनींचा दिवसातला सर्वाधिक वेळ त्यांच्याच सहवासात जातो.

प्रश्न : मी पुरुष पाठ्यनिर्देशक आहे. विद्यार्थी रुग्णासमोर चुकला तर तिथेच सांगावे की नंतर? तिथे सांगितले तर विद्यार्थिनी रडू लागतात आणि रुग्णाचाही विश्वास उडतो. नंतर सांगायचे ठरवले तर सांगायचे राहून जाते. (एक वाचक, कागल)

उत्तर : चुकीचा परिणाम काय होणार आहे, त्यावर हे ठरते. रुग्णाला इजा होण्याची शक्यता असेल, तर क्षणाचाही विलंब न करता थांबवायचे. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन थेट शिरेत ढकलण्याची तयारी दिसली, किंवा रक्ताची पिशवी रुग्णाची ओळख न पडताळता लावली जात असेल, तिथे विद्यार्थ्याच्या भावनांचा विचार नंतर करायचा असतो. मात्र थांबवण्याचे शब्द आधीच ठरवलेले असावेत. “जरा थांब, हे मी घेतो, तू माझ्या बाजूला उभी राहा,” इतके पुरते. स्वर शांत ठेवला की रुग्णालाही काही बिघडल्यासारखे वाटत नाही. बीपीचा पट्टा सैल बांधला आहे, हात हृदयाच्या पातळीला नसून आधाराशिवाय लोंबतो आहे, अशा दुरुस्त्या तिथल्या तिथे, “हात उशीवर ठेवू या,” असे म्हणून हातानेच करता येतात. बोलण्याची पद्धत, नोंदीतील त्रुटी, कामाचा क्रम यांविषयी मात्र खाटेपासून दूर, एकांतात आणि त्याच दिवशी बोलावे.

सांगायचे राहून जाते, याचे कारण खिशात कागद नसतो. छोटी वही ठेवा आणि प्रत्येक विद्यार्थ्यासमोर एक बरोबर गोष्ट आणि एक सुधारण्याची गोष्ट लिहा. बोलताना आधी त्यालाच विचारा की त्याच्या मते काय बरे झाले आणि काय राहिले. बहुतेकांना स्वतःची चूक कळलेली असते आणि तुम्ही ती त्यांच्या तोंडून ऐकली की तुमचे निम्मे काम झालेले असते. “तू निष्काळजी आहेस,” असे माणसाविषयी बोलू नये. “ठिबकाची गती लावल्यावर तू पूर्ण मिनिट थेंब मोजले नाहीस,” असे कृतीविषयी बोलावे.

रुग्णाच्या विश्वासाची काळजी आधीच घ्यावी लागते. खाटेभोवती गर्दी करण्यापूर्वी रुग्णाची परवानगी घ्या आणि ती त्याला कळेल अशा बोलीत घ्या. आपल्याकडे निपाणी, चंदगड या बाजूंचे कन्नड बोलणारे रुग्ण असतात. तेव्हा गटातील एखाद्या विद्यार्थ्याला कन्नड येत असेल, तर बोलण्याचे काम त्याला द्या. आपल्या भागात खाटेशेजारी नातेवाईक बसलेलेच असतात. त्यांना बाहेर घालवण्याऐवजी, रुग्णाची हरकत नसेल तर, काय चालले आहे ते सांगून सामील करून घेतले, तर तेच पुढे घरी ड्रेसिंगची काळजी घेतात. स्त्री रुग्णाची तपासणी किंवा कॅथेटरची काळजी शिकवायची असेल, तर स्टाफ सिस्टर सोबत असावी आणि पडदा ओढलेला असावा. पुरुष शिक्षकाने हा नियम कधीही, घाईतही, मोडू नये.

प्रश्न : मी एका परिचर्या महाविद्यालयाची प्राचार्य आहे. आमच्या सहा तरुण शिक्षकांना क्लिनिकल अध्यापनाचे प्रशिक्षण द्यायचे आहे. बाहेरचे तज्ज्ञ बोलावून दोन दिवसांची कार्यशाळा घेतली तर पुरेसे होईल का? प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे कसे ओळखावे? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : केवळ कार्यशाळा पुरेशी होणार नाही, आणि हे तुम्ही आधीच विचारलेत याबद्दल मनापासून आनंद वाटतो. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेचे चार स्तर सांगितले : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे आणि रोजच्या कामात ते प्रत्यक्ष करणे. दोन दिवसांची व्याख्याने पहिल्या दोन स्तरांपर्यंत नेतात, पण तुम्हाला हवा आहे तो चौथा स्तर, आणि तो केवळ वॉर्डातच गाठता येतो.

सुमारे तीन महिन्यांचा आराखडा करा. सुरुवातीला दीड-दोन दिवसांची कार्यशाळा अवश्य घ्या, पण तिचा अर्ध्याहून अधिक वेळ सूक्ष्म अध्यापनाला द्या. बी.एड. करणाऱ्यांना हा प्रकार परिचित आहे. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात तो विकसित झाला. शिक्षिकेने पाच-सहा मिनिटांत एकच कौशल्य, उदाहरणार्थ प्रश्न विचारणे, वापरून दाखवायचे, सहकाऱ्यांनी त्यावर प्रतिसाद द्यायचा, आणि तिने तोच भाग सुधारून लगेच पुन्हा घ्यायचा. पुन्हा घेणे हा त्यातला जीव आहे. वेळ नाही म्हणून तेच गाळले, तर शिक्षिका आपली चूक ऐकून घरी जाते, ती दुरुस्त झालेली मात्र अनुभवत नाही, आणि मग प्रशिक्षणानंतर तिचा आत्मविश्वास वाढण्याऐवजी कमी होतो. असे झालेले मी पाहिले आहे.

त्यानंतर सहा जणींच्या तीन जोड्या करा. आठवड्यातून एकदा एकीने वॉर्डात शिकवायचे आणि दुसरीने वीस मिनिटे मागे उभे राहून पाहायचे. पाहणारीच्या हातात लांबलचक तपासणी-यादी देऊ नका. उद्दिष्ट विद्यार्थ्यांना कळले होते का, शिक्षिकेने ‘का’ आणि ‘कशावरून’ असे प्रश्न विचारले का, आणि निघताना विद्यार्थ्याला नेमका प्रतिसाद मिळाला का, एवढेच तिने पाहावे. महिन्यातून एकदा अनुभवी शिक्षिकेनेही प्रत्येकीचे अध्यापन पाहावे. इथे माझी एक आग्रहाची सूचना आहे : हे निरीक्षण गोपनीय अहवालापासून पूर्ण वेगळे ठेवा, आणि जी व्यक्ती तो अहवाल लिहिते तिने प्रशिक्षणातील निरीक्षक होऊ नये. म्हणजे सुरुवातीला तुम्ही स्वतः मागे उभे राहू नये, हे थोडे कठोर वाटले तरी लिहिते. नोंद होणार असेल तर शिक्षिका आपल्याला जमते तेच करून दाखवेल, जमत नाही त्याला हात लावणार नाही.

या सर्वासाठी वेळापत्रकात जागा हवी. निरीक्षणाचे तास कामाच्या तासांत धरले नाहीत, तर दोन आठवड्यांत उत्साह मावळतो. विद्यापीठाच्या परीक्षा आणि परिषदेच्या तपासणीचे दिवस टाळा. जुलै-ऑगस्टही शक्यतो टाळा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील रस्ते बंद झाले तेव्हा वॉर्डातील पोस्टिंगचे काय होते, हे जयसिंगपूरकरांना मी सांगायला नको.

काय शिकवायचे याचा पाया म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली परिचर्या शिक्षकांच्या मूलभूत क्षमतांची मांडणी घ्या. तिच्यात आठ क्षेत्रे आहेत. पहिल्या वर्षी सर्वांना हात घालू नका. प्रौढांच्या शिकण्याची तत्त्वे, प्रत्यक्ष परिचर्या, संवाद आणि मूल्यमापन ही चार आधी घ्या. मूल्यमापन मुद्दाम सांगते आहे, कारण २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सत्रपद्धतीबरोबर वस्तुनिष्ठ रचनाबद्ध क्लिनिकल परीक्षा, म्हणजे ज्याला आपण ऑस्की म्हणतो, तिला स्थान मिळाले आहे. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत परीक्षक तयार नसेल, तर तिची वस्तुनिष्ठता कागदावरच राहते. दोन शिक्षिकांनी एकाच विद्यार्थ्याला एकाच स्थानकावर (एकेक कौशल्य तपासण्यासाठी मांडलेल्या टेबलावर) स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि नंतर शेजारी बसून फरक का पडला यावर बोलावे, असा सराव दोन-तीन वेळा केला तरी मोठा फरक पडतो.

उपयोग झाला का, हे ओळखण्यासाठी केवळ “तुमचा आत्मविश्वास वाढला का?” अशी प्रश्नावली भरून घेऊ नका. कार्यशाळेच्या संध्याकाळी सर्वांचाच आत्मविश्वास वाढलेला असतो. प्रशिक्षणाआधी आणि तीन महिन्यांनी, शिक्षिका खाटेपाशी किती वेळ असते, तिच्या प्रश्नांपैकी किती प्रश्न केवळ व्याख्या विचारणारे आहेत, आणि विद्यार्थ्यांना मिळालेला प्रतिसाद त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का, हे पाहा. परिसेविकांनाही विचारा. शिक्षिका वॉर्डात टिकू लागली आहे का, हे त्यांना सर्वांत आधी कळते.

प्रश्न : अठरा वर्षे शिकवते आहे, पण मुख्यतः वर्गात. आता मला विद्यार्थिनींबरोबर वॉर्डात जायला सांगितले आहे. इन्फ्युजन पंप (ठरावीक वेगाने शिरेत औषध सोडणारे यंत्र), नवे मॉनिटर मला हाताळता येत नाहीत. माझ्याच विद्यार्थिनी आज तिथे स्टाफ सिस्टर आहेत आणि त्यांना विचारायला संकोच वाटतो. (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : तुमचा संकोच मी समजू शकते, पण तो जितका लांबवाल तितका वाढेल. प्राचार्यांशी बोलून सत्र सुरू होण्याआधीच्या दोन आठवड्यांत वॉर्डातील काही सकाळच्या पाळ्या मागून घ्या. त्या पाळ्यांत विद्यार्थिनी सोबत नकोत. साध्या स्टाफ सिस्टरसारखे एखाद्या अनुभवी सिस्टरबरोबर काम करा. पंप आधी रुग्णाला न जोडता साध्या सलाइनवर चालवून पाहा : दर कसा भरायचा, नळीत हवा आल्याचा आणि अडथळ्याचा अलार्म कसा वाजतो, तो कसा बंद करायचा, आणि वीज गेली तर बॅटरीवर तो किती वेळ चालतो. एका दिवशी एकच यंत्र घ्या.

तुमच्या माजी विद्यार्थिनींना विचारताना फार प्रस्तावना करू नका. “हा पंप मी वापरलेला नाही, मला एकदा दाखव,” असे म्हणा, आणि पेटन यांची तिसरी पायरी त्यांच्याच बाबतीत वापरा : तुम्ही सांगा आणि त्यांना करू द्या, मग तुम्ही स्वतः करा. तुमच्याकडे शरीरक्रिया आणि औषधशास्त्र यांचे जे पक्के ज्ञान आहे, ते त्या तरुण सिस्टरना हवेच असते. पंपावर नॉरॲड्रिनॅलिन (रक्तदाब वाढवणारे औषध) चालू असताना वारंवार बीपी का पाहायचे आणि औषध शिरेबाहेर झिरपले तर त्वचेचे काय होते, हे तुम्ही त्यांना सांगा. पहिल्या आठवड्यात विद्यार्थिनींना घेऊन जाल तेव्हा तुम्हाला पक्के येणाऱ्या विषयाचा रुग्ण निवडा, आणि यंत्राचा भाग त्या दिवशीच्या स्टाफ सिस्टरला दाखवायला सांगा. दुसऱ्या आठवड्यापासून तो भागही तुम्हीच घ्या.